हॉस्टेलला जाताय? रॅगिंगविरुद्धची तयारी घरूनच करून निघा

सीईटी झाली, कॅप राउंडमध्ये कॉलेज मिळालं, फी भरली, गादी-बादली-कुलूप घेऊन झालं. आता नंदुरबारचा मुलगा पुण्यात, हिंगोलीची मुलगी मुंबईत, गडचिरोलीचा नागपुरात राहायला जाईल. घरात रॅगिंगचा विषय निघालाच तर दोन वाक्यांत संपतो : "कुणाच्या नादी लागू नकोस" आणि "काही झालं तर फोन कर." काळजी खरी असते. पण काय झालं की फोन करायचा, कुणाला करायचा आणि फोन केल्यावर पुढे काय, हे कुणीच सांगत नाही.

विद्यार्थ्यांच्या तक्रारी हाताळण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. तक्रार बहुतेक वेळा उशिरा येते आणि तोंडी येते. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा मात्र लेखी तक्रारीवर चालतो. कागद कॉलेजच्या हातात पडला की त्या दिवसापासून कॉलेजवर मुदतीचं बंधन येतं, तोंडी बोललेलं हवेत विरून जातं. म्हणून हा लेख वाचताना एक गोष्ट धरून ठेवा : लवकर सांगायचं आणि लिहून द्यायचं. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

घरून निघण्याआधी

प्रवेशाच्या वेळी तुमच्याकडून आणि पालकांकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र घेतलं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २००९ च्या विनियमांनुसार ते दरवर्षी भरावं लागतं. अँटीरॅगिंग डॉट इन या वेबसाइटवर फॉर्म भरला की ते ईमेलवर येतं. सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेऊन फाइलमध्ये ढकलू नका. आईवडिलांसोबत बसून ते एकदा सगळं वाचा. रॅगिंग म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे, असं तुम्ही त्यात लिहून देता, आणि तुम्ही ज्यावर सही करताय त्यावर तिसऱ्या वर्षाच्या मुलांनीही सही केलेली असते.

कॉलेजने प्रवेशाच्या वेळी एक पत्रक द्यायचं असतं. त्यात प्राचार्य, हॉस्टेलचे रेक्टर, रॅगिंगविरोधी समिती आणि पथक यांचे फोन नंबर असतात. मिळालं नाही तर मागा. ऑफिसात "असं काही नसतं" म्हणाले तर नोटीस बोर्डचा फोटो काढा, बहुतेक ठिकाणी नावं तिथे लावलेली असतात. हे नंबर मोबाइलमध्ये तर ठेवाच, शिवाय एका कागदावर लिहून पाकिटात आणि एक प्रत घरी ठेवा. मोबाइल काढून घेणं हा रॅगिंगमधला अगदी नेहमीचा पहिला प्रकार आहे, म्हणून कागद.

कागदावर हे तीन नंबर असलेच पाहिजेत. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, फुकट आणि चोवीस तास. पोलिसांसाठी ११२. आणि मन फार ढासळलं असेल तर बोलायला टेलि-मानस, १४४१६.

हॉस्टेल बघायला जाल तेव्हा खोलीत पंखा आहे का, एवढंच पाहून परतू नका. पहिल्या वर्षाची विंग किंवा मजला वेगळा आहे का? रेक्टर आवारात राहतात की संध्याकाळी घरी जातात? रात्री वॉचमन कुठे बसतो? या प्रश्नांची उत्तरं रेक्टर लगेच आणि नीट देतात की टाळतात, यावरूनही बरंच कळतं. नव्या मुलांची सोय शक्य तितकी वेगळ्या ब्लॉकमध्ये करावी आणि तिथे सीनियरच्या ये-जा वर लक्ष ठेवावं, असं विनियमांत लिहिलेलं आहे. मागणं तुमचा हक्क आहे.

घरच्यांशी रोजच्या फोनची एक वेळ ठरवा. आणि एक साधं वाक्य ठरवा, जे कुणासमोरही बोलता येईल, उदाहरणार्थ "मामाचा फोन आला होता का?" त्याचा अर्थ घरच्यांनी समजायचा : मला इथे मोकळं बोलता येत नाही, रेक्टरना आत्ता फोन करा. खोलीत चार सीनियर बसलेले असताना हेच वाक्य उपयोगी पडतं.

कशाला रॅगिंग म्हणायचं

हा भाग सावकाश वाचा, कारण इथेच सगळ्यांची गफलत होते. "मारलं थोडंच? नुसतं नाचायला लावलं." "इंट्रो घेतला, त्यात काय?" "आमच्या वेळी तर याहून जास्त होतं." ही वाक्यं तुम्हाला ऐकायला मिळणारच, कधी कधी शिक्षकांकडूनही.

महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे. त्यातली व्याख्या बरीच रुंद आहे. शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं कोणतंही वागणं त्यात येतं. चिडवणं, शिव्या देणं, धमकावणं, थट्टामस्करी हे शब्दही त्यात आहेत. शिवाय एखादा विद्यार्थी एरवी स्वखुशीने जे करणार नाही, ते त्याला करायला सांगणं हेसुद्धा रॅगिंगच. संस्थेच्या आत किंवा बाहेर, दोन्हीकडे. म्हणजे कॅन्टीनच्या टेबलावर चढून गाणं म्हणायला लावलं, आणि तुम्हाला म्हणायचं नव्हतं, तर ते पुरेसं आहे. हात उगारला का, हा प्रश्नच येत नाही.

यूजीसीचे विनियम देशभरच्या विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉलेजांना लागू आहेत, त्यामुळे मराठी मुलं बेळगाव-बंगळुरूला किंवा दिल्लीला गेली तरी ते त्यांच्यासोबत आहेत. त्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्यांना मुलं रॅगिंग समजतच नाहीत. एक, सीनियरचं जर्नल लिहून देणं, ड्रॉइंगच्या शीट काढून देणं, असाइनमेंट करून देणं. दुसरी, पैसे. सिगारेटला, पार्टीला, बाइकच्या पेट्रोलला "दे रे दोनशे". दोन्ही स्पष्टपणे रॅगिंगच्या यादीत आहेत. मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जुन्या हॉस्टेलांत जर्नलची चाल इतकी मुरलेली आहे की पहिल्या वर्षाचा मुलगा स्वतःचं सबमिशन रात्री दोननंतर सुरू करतो आणि वर्गात झोपतो म्हणून बोलणी खातो.

आता रॅगिंगचा बराचसा भाग मोबाइलवर सरकला आहे. प्रवेशाची यादी लागली की सीनियर एक व्हॉट्सॲप ग्रुप काढतात, त्यात नव्यांना घेतात, आणि तिथून हुकूम सुटतात : उद्या सगळे फॉर्मल शर्टात, केस बारीक, मुलींच्या दोन वेण्या, सीनियर दिसला की नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. अशा अनौपचारिक ग्रुपवरून होणारा छळही रॅगिंगच धरावा, असं यूजीसीने २०२५ मध्ये संस्थांना कळवलं आहे. केस कापायला लावणं आणि रात्री जागं ठेवणंही त्यात धरलेलं आहे. ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नका. आधी ग्रुपची माहिती, अॅडमिनचे नंबर आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग काय ते ठरवा.

जातीचा प्रश्न वेगळा काढून सांगायलाच हवा. "सीईटीला किती पडले? रँक किती? कोणत्या राउंडला लागला?" ऐकायला हे साधे प्रश्न वाटतात. पण हॉस्टेलच्या खोलीत, रात्री, चारजणांनी घेरून विचारले की त्यांचा रोख आडनावाकडे आणि कॅटेगरीकडे असतो. २०१६ च्या दुरुस्तीने यूजीसीच्या व्याख्येत जात, धर्म, वर्ण, लिंग, लैंगिक कल, दिसणं, प्रदेश, भाषा, जन्मस्थान, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ आला. वाळीत टाकणंही आलं. आणि छळ झालेला विद्यार्थी नवाच असायला हवा, अशी अट नाही. म्हणजे अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलण्याची रोज नक्कल करून एखाद्याला मेसमध्ये तोंड उघडणं मुश्किल केलं, तर तेही यात बसतं. मुंबईच्या नायर हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबातल्या डॉ. पायल तडवी यांचा मे २०१९ मध्ये मृत्यू झाला. तीन सीनियर डॉक्टरांवर आत्महत्येला प्रवृत्त करणं, अॅट्रॉसिटी आणि महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा, तिन्हींखाली गुन्हा दाखल झाला. पदव्युत्तर विद्यार्थी, नोकरी केल्यासारखे ड्यूटी करणारे डॉक्टर, हेसुद्धा या कायद्याच्या छत्राखाली येतात, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

एवढी यादी लक्षात राहणार नसेल तर स्वतःला एकच विचारा : मी आत्ता "नाही" म्हणून इथून उठून जाऊ शकतो का? जाता येत असेल तर ती ओळख आहे, गंमत आहे. फ्रेशर्स पार्टीत शिक्षकांसमोर, राजीखुशीने नाव सांगून गाणं म्हटलं तर छानच. उठून जायची भीती वाटत असेल तर ते रॅगिंग आहे, मग समोरचा कितीही हसत असो.

पहिले तीन-चार आठवडे

एकट्या मुलावर हात पडायला सोपा जातो, म्हणून सोबत जमवणं हे पहिल्या आठवड्याचं काम. अभ्यासाइतकंच महत्त्वाचं. खोलीतले, शेजारच्या दोन खोल्यांतले आणि प्रॅक्टिकलच्या बॅचमधले मिळून पाच-सहाजण एकमेकांचे नंबर आणि घरच्यांचे नंबर घ्या. मेसला सोबत जा. रात्री कुणाला "वरच्या मजल्यावर बोलावलंय" असा निरोप आला तर तो निरोप बाकीच्यांनाही लगेच कळवायचा, हे आपसात ठरवा.

शेवटच्या कॅप राउंडमधून किंवा संस्थास्तरावरच्या फेरीतून आलेल्यांकडे विशेष लक्ष द्या. ते येतात तेव्हा बाकीच्यांचे गट जमलेले असतात, ओरिएंटेशन होऊन गेलेलं असतं, नंबर कुणी दिलेले नसतात. उरलेली खोली म्हणून त्यांना कधी कधी सीनियरच्या मजल्यावरच जागा मिळते. असा मुलगा वर्गात दिसला की त्याला जेवायला सोबत न्या आणि हा लेख वाचून जे कळलं ते सांगा. खोली बदलून मागायची असेल तर रेक्टरकडे त्याच्याबरोबर जा.

रेक्टरना पहिल्या दोन दिवसांत भेटा, नाव सांगा, गाव सांगा. मुलींच्या हॉस्टेलात रेक्टर मॅडम, समाजकल्याणच्या वसतिगृहात गृहपाल. चेहरा ओळखीचा झाला की पुढे रात्री अकराला फोन करताना संकोच वाटत नाही. वर्गशिक्षक किंवा मेंटॉर नेमले असतील तर त्यांचंही तसंच. विनियमांप्रमाणे नव्या विद्यार्थ्यांचे छोटे गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाकडे द्यायचा असतो आणि पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी नाव न घेता सर्व्हे करायचा असतो. तो फॉर्म आला की "सर्व काही ठीक" अशी टिकमार्क करून सोडू नका. नाव द्यावं लागत नाही, सीनियर बघत नाहीत, इतकी सोपी संधी दुसरी नाही.

सगळे सीनियर वाईट असतात असं मुळीच नाही. जुनी पुस्तकं, कुठली मेस बरी, कुठल्या सरांच्या प्रॅक्टिकलला काय विचारतात, हे सीनियरच सांगतात आणि खूप मायेने सांगतात. असा एक तरी सीनियर शोधा, शक्यतो आपल्या तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा. फक्त "मदत हवी तर आधी इंट्रो द्यावा लागेल" असा सौदा जिथे होईल, तिथून परत फिरा. नोट्स झेरॉक्सच्या दुकानातही मिळतात.

कॉट बेसिसवर किंवा खासगी पीजीत राहणार असाल तर रॅगिंगचा कायदा कॉलेजच्या गेटपर्यंतच, असा समज काढून टाका. बस, रिक्षा, भाड्याची खोली, सगळीकडे तो लागू आहे. पण पीजीत रेक्टर नसतो. म्हणून तिथे मालकाचा आणि जवळच्या पोलीस स्टेशनचा नंबर हाताशी असू द्या.

रात्री दार वाजलं तर

रॅगिंगची वेळ साधारण रात्री दहानंतरची. रेक्टर झोपलेले, मेस बंद, घरचे फोन होऊन गेलेले. दार वाजतं, "फर्स्ट इयर? चल, वर बोलावलंय."

जायचं नाही, हे तुम्ही आधीच ठरवलेलं असावं. त्या क्षणी ठरवायला गेलात तर पाय आपोआप चालू लागतात. आवाज न चढवता, माफी न मागता बोला : "दादा, मी आत्ता येत नाही. उद्या दिवसा कॅन्टीनमध्ये भेटतो." पुन्हा दटावलं तर तेच वाक्य पुन्हा, नवं कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो. रूममेटने त्याच वेळी उठून लाइट लावायचा, बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभं राहायचं. उजेड आणि साक्षीदार या दोन गोष्टींनी बरीच मंडळी परत जातात.

तरी नेलंच, तर दारू, सिगारेट, कुठलीही गोळी घ्यायची नाही. कपडे काढायला सांगितलं, कुणी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, तर तिथून निघायचा प्रयत्न करा, ओरडा, दार आपटा, शेजारच्या खोल्या जाग्या करा. तुम्ही अठरा वर्षांच्या आतले असाल, आणि पहिल्या वर्षाला पुष्कळजण सतराचेच असतात, तर लैंगिक स्वरूपाच्या कोणत्याही छळाला पॉक्सो कायदा लागतो. तो फार गंभीर कायदा आहे आणि तिथे "मुलांची मस्करी" हा बचाव चालत नाही.

"नुसतं उभं राहा" ही शिक्षाही हलकी समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत पाटणजवळच्या धारपूर इथल्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलात पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियरनी तीन तासांहून जास्त उभं ठेवलं. त्यातला एक मुलगा कोसळला आणि दगावला. पंधरा विद्यार्थ्यांवर गुन्हा दाखल झाला. चक्कर येतेय, छातीत दुखतंय, दम लागतोय असं वाटलं तर खाली बसा. तुम्हाला दमा, फिट्स, साखर असं काही असेल तर ते मोठ्याने सांगा. सोबतच्याला त्रास होत असेल तर तुम्ही सांगा आणि अॅम्ब्युलन्स बोलवा, १०८.

आणि समोर पाचजण असतील, दार लावलेलं असेल, मार पडत असेल, तर त्यांना हवं ते करून आधी सुखरूप बाहेर पडा. तुम्ही गाणं म्हटलंत, उठाबशा काढल्यात, म्हणून तुमची संमती होती असा अर्थ कुणीही काढू शकत नाही. त्याची लाज तुम्ही बाळगायची नाही.

त्याच रात्री लिहून ठेवा

खोलीत परतल्यावर झोपायच्या आधी मोबाइलवर किंवा वहीत पाच ओळी लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण कोण होतं, काय बोललं, काय केलं, कुणी पाहिलं. नावं माहीत नसतील तर "लाल टी-शर्ट, सगळे ज्याला अण्णा म्हणत होते" एवढंही चालतं. शिव्या दिल्या असतील तर जशाच्या तशा लिहा. सभ्य करून लिहिलेली तक्रार चौकशीत लंगडी पडते. मग ते स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते.

अंगावर वळ असतील तर फोटो काढा आणि सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर करून घ्या. "पायऱ्यांवरून पडलो" असं डॉक्टरला सांगू नका. गूगल पे किंवा फोन पेवरून पैसे घेतले असतील तर त्याची नोंद आहेच. कुणाचा अपमान करणारा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर तो ग्रुपवर पुढे ढकलू नका, फक्त चौकशी करणाऱ्यांना द्या.

तक्रार कशी द्यायची

१९९९ च्या कायद्यानुसार विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, यांपैकी कुणीही संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार देऊ शकतो. प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलिसांकडे पाठवायची असते. तथ्य नाही असं वाटलं तर तेही तक्रारदाराला लेखी कळवायचं असतं. प्राचार्यांनी यात हयगय केली तर त्यांनीच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा मानतो. हे कलम अनेक प्राचार्यांना माहीत असतं, म्हणूनच "आधी तोंडी सांग, बघू आपण" असं म्हटलं जातं. तुम्ही तोंडी सांगाच, पण कागद देऊन सांगा.

कागद साधा असावा. असा :

"मा. प्राचार्य यांस,
विषय : रॅगिंगबाबत तक्रार.
मी प्रथम वर्ष … शाखेत शिकतो. मुलांच्या हॉस्टेलमध्ये खोली क्र. … मध्ये राहतो. दि. … रोजी रात्री सुमारे ११.२० वाजता तृतीय वर्षाचे … व … माझ्या खोलीत आले व मला दुसऱ्या मजल्यावरील खोली क्र. … मध्ये घेऊन गेले. तेथे मला व माझ्या वर्गातील दोघांना पहाटे १.४५ पर्यंत उभे ठेवले, आईवरून शिव्या दिल्या आणि माझा मोबाइल काढून घेतला. 'कुणाला सांगितलंस तर इथे राहू देणार नाही,' असे … म्हणाले. मेसेजचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. मला तेथे राहण्याची भीती वाटते. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार व यूजीसीच्या २००९ च्या विनियमांनुसार चौकशी करावी, तोपर्यंत संबंधितांना माझ्या मजल्यापासून दूर ठेवावे आणि निर्णय मला लेखी कळवावा, ही विनंती."

खाली नाव, सही, तारीख. दोन प्रती काढा. एक बंद पाकिटात घालून वर "प्राचार्यांसाठी, गोपनीय" असं लिहा आणि ऑफिसच्या आवक विभागात द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या : शिक्का, तारीख, आवक क्रमांक, घेणाऱ्याची सही. "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो" म्हणाले तर तिथेच थांबा. आवक क्रमांक पडला की सात दिवस कधी सुरू झाले यावर वाद उरत नाही. तोच मजकूर त्याच दिवशी कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, सोबत घरच्यांना प्रत.

कॉलेजवर विश्वास वाटत नसेल, किंवा प्रकार आत्ता चालू असेल, तर हेल्पलाइन. फोनवर किंवा वेबसाइटवर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, आणि ती कॉलेजकडे पाठवली जाते. नाव गुप्त ठेवा असं सांगता येतं. ही हेल्पलाइन २००९ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा विद्यार्थी सीनियरच्या मारहाणीत गेला. तिथल्या मुलांना हाक मारायला बाहेरचं कुणी नव्हतं. त्याचे वडील राजेंद्र काचरू पुढे अनेक वर्षं या हेल्पलाइनच्या कामात राहिले. तुम्ही लावता तो नंबर असा उभा राहिलेला आहे, तेव्हा "उगीच कशाला कुणाला त्रास" असं मनात आणू नका.

मारहाण, डांबून ठेवणं, लैंगिक छळ, खंडणी, जातिवाचक शिवीगाळ असेल तर थेट पोलीस. घटना दुसऱ्या हद्दीत घडलेली असली तरी कुठल्याही पोलीस स्टेशनला झीरो एफआयआर नोंदवता येतो. गुन्हा दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत संस्थाप्रमुखाने एफआयआर करायचा, असं यूजीसीचे विनियमही सांगतात. महाराष्ट्रात रॅगिंग सिद्ध झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कॉलेजातून काढून टाकलं जातं आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याच संस्थेत प्रवेश मिळत नाही. त्याशिवाय परीक्षेला न बसू देणं, निकाल रोखणं, हॉस्टेलमधून काढणं, शिष्यवृत्ती थांबवणं असं कॉलेज स्वतः करू शकतं ते निराळं.

"मिटवून घ्या" म्हणतील तेव्हा

तक्रार दिल्यावरचे दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण. सीनियरचे आईवडील भेटायला येतात, रडतात. एखादे सर म्हणतात, "त्याचं करिअर बरबाद होईल, तू मोठं मन कर." बॅचमधलेच म्हणतात, "तुझ्यामुळे आमची फ्रेशर्स रद्द झाली." मुलं इथे मोडतात. तक्रार मागे घेतल्याचा कागद लिहून देतात आणि पुढची चार वर्षं त्याच मुलांसोबत काढतात.

कुणालाही एकट्याने भेटू नका. जे काही बोलायचं ते समितीसमोर, पालक सोबत असताना. कोऱ्या कागदावर किंवा घाईत पुढे केलेल्या कागदावर सही नाही. माफीनामा द्यायचा असेल तर तो त्यांनी समितीला द्यावा, शिक्षा काय ते समिती ठरवेल. समितीत प्राध्यापकांशिवाय पोलीस आणि प्रशासनाचे प्रतिनिधी, पालक, नव्या-जुन्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असायला हवेत. तुमच्या चौकशीला फक्त दोन प्राध्यापक बसले असतील तर बाकीचे कुठे आहेत, असं नम्रपणे विचारा.

आणि बॅचमधल्यांना सांगा की आत्ता सगळ्यांनी मिळून सही केली तर कुणा एकाचं नाव पुढे येणार नाही. सामूहिक तक्रारीत फार ताकद असते. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत पाच सह्यांचा कागद आला की "मिटवून घ्या" हा शब्दच पुन्हा कुणी काढला नाही.

रूममेट गप्प झाला असेल तर

मेसला येणं बंद, रात्रभर दुसऱ्याचं जर्नल, घरच्या फोनवर फक्त "हो, हो", अचानक पैसे कमी पडणं, शनिवारी गावी निघायची घाई आणि रविवारी परत यायच्या वेळी पोट दुखणं. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर विचारा, आणि एकदा "काही नाही" म्हणाला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. जगावंसं वाटत नाही अशा अर्थाचं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका. रेक्टरना आणि त्याच्या घरी लगेच फोन करा, टेलि-मानसला त्याच्यासमोर स्पीकरवर फोन लावा. त्याने "कुणाला सांगू नकोस" म्हटलं असलं तरी. तक्रार फक्त ज्याच्यावर बेतलं त्यानेच द्यायची असं नाही, पाहणाऱ्यानेही द्यावी असं विनियम म्हणतात.

आईवडिलांसाठी थोडंसं

मुलाने सांगितलं तर पहिला प्रश्न "तू काय केलंस?" हा नको. पूर्ण ऐका, मग विचारा, "आत्ता या क्षणी तू सुरक्षित आहेस का?" नसेल तर रेक्टर, नाही उचलला तर ११२. रातोरात गाडी काढून गावातली चार माणसं घेऊन हॉस्टेलवर जाऊ नका, त्याने उलट तुमच्याच मुलावर प्रकरण शेकतं. सकाळी पहिल्या गाडीने जा, लेखी तक्रार तुम्हीही देऊ शकता. आणि "एक वर्ष सहन कर, मग तूच सीनियर होशील" हे वाक्य घरात कुणीही बोलू नये, आजोबांनीसुद्धा.

पुढच्या वर्षी

दुसऱ्या वर्षाला हमीपत्र पुन्हा भरावं लागेल, तेव्हा ग्रुपवर चर्चा सुरू होईल : आपली घेतली, आता आपण घेऊ. तेव्हा तुमच्या पाच-सहाजणांनी आधीच ठरवलेलं असू द्या. नवी मुलं आली की पहिल्याच संध्याकाळी, मेसमध्ये, उजेडात, त्यांच्यासोबत बसा. रेक्टरांचा नंबर, हेल्पलाइनचा नंबर, समितीतल्या शिक्षकांची नावं, आवक विभाग कुठे आहे, झेरॉक्स कुठे स्वस्त पडते, हे सांगा. शेवटच्या राउंडला येणाऱ्यांसाठी तेच पुन्हा एकदा.